मिल्टन कीन्समध्ये राउंडअबाउट, डॅलसमध्ये पाच मजली पूल आणि आपल्याकडे सिग्नल: असं का?

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न आहेत. तुमचा भाचा इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सला असतो, तिथे दर किलोमीटरला राउंडअबाउट, म्हणजे मधल्या बेटाभोवती गाड्या फिरवणारा गोल चौक, लागतो. बहीण अमेरिकेत डॅलसला, तिथे राउंडअबाउट औषधालाही सापडत नाही, पण एकावर एक पाच मजले पूल आहेत. आपल्याकडे चौकाचौकात पुतळा असूनही वाहतूक सिग्नलवर नाहीतर पोलिसाच्या हातावर चालते. हा फरक जागेमुळे पडतो की पैशामुळे, हा पहिला प्रश्न. आणि तुमच्या ऊसपट्ट्यातल्या तालुक्याच्या गावी नगरपालिका मुख्य चौकात सर्कल करणार आहे, ते चालेल का, हा दुसरा. तुम्हाला उत्तर दुसऱ्याचं हवंय हे कळतं, पण ते पहिल्यातूनच निघतं, म्हणून जरा धीर धरा.

मी चौकांचे आराखडे करते. आधी काही वर्षं आखातात, आता महाराष्ट्रातल्या लहान-मोठ्या शहरांसाठी. माझं मत असं की जागा आणि पैसा ही कारणं खरी असली तरी दुय्यम आहेत. राउंडअबाउट कुठे रुजले हे एका नियमावर ठरलं: गोलात पहिला हक्क कोणाचा, आत असलेल्याचा की आत येणाऱ्याचा? आणि इंटरचेंज, म्हणजे दोन रस्ते पुलांनी जोडणाऱ्या गाठी, कुठे उभे राहिले हे ठरलं ते रस्त्याला कुंपण घातलं की नाही यावर.

आधी नियमाचं पाहू. चौकाच्या मधोमध बेट ठेवून गाड्या एकाच दिशेने फिरवायच्या, ही कल्पना शंभर वर्षांहून जुनी आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबस सर्कलला १९०५ मध्ये गाड्या अशा फिरू लागल्या. पॅरिसमध्ये यूजेन एनार या वास्तुरचनाकाराने त्याच सुमारास हीच योजना मांडली. म्हणजे सुरुवातीला अमेरिका मागे नव्हतीच. न्यू जर्सी आणि मॅसॅच्युसेट्समध्ये विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात असे भरपूर सर्कल बांधले गेले. बेटं मोठी, गाड्या वेगात आत यायच्या आणि एकमेकींना छेद देत बाहेर पडायच्या. त्याला आम्ही वीव्हिंग म्हणतो. गाड्या थोड्या होत्या तोवर हे निभावलं. पण आत कोणाचा हक्क पहिला, हे कुठे ठरलेलंच नव्हतं, तर कुठे तो येणाऱ्याला दिलेला होता.

येणाऱ्याला हक्क दिला की काय होतं? दादरला लोकल थांबली आणि उतरणाऱ्यांच्या आधी चढणारे आत घुसले की जे होतं तेच. गोल भरतो, पण रिकामा होत नाही. बाहेर पडू पाहणारी गाडी आपल्या तोंडापर्यंत पोहोचू शकत नाही, कारण तिच्या पुढची गाडी कोणाला तरी आत घेण्यासाठी थांबलेली असते, आणि तिच्याही पुढची. बघता बघता चारही बाजू एकमेकींना अडवून बसतात. अमेरिकेतले सर्कल असेच गच्च व्हायला लागले आणि पन्नाशीच्या दशकापर्यंत तिथल्या अभियंत्यांनी त्यांचा नाद सोडला. सिग्नल आले, ते टिकले.

ब्रिटनमध्येही कोंडी होतच होती. तिथे फ्रँक ब्लॅकमोर या अभियंत्याने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रयोग केले आणि नोव्हेंबर १९६६ पासून नियम झाला: राउंडअबाउटवर उजवीकडून येणाऱ्याला, म्हणजे आत फिरत असलेल्याला, वाट द्यायची. एवढ्याने गच्च होणं थांबलं. शिवाय वीव्हिंगला लांबलचक जागा लागत होती, तिची गरज संपली. बेट लहान झालं तरी चालू लागलं, उलट बरंच, कारण वळण आवळलं की वेग आपोआप उतरतो. यातूनच पुढे मिनी राउंडअबाउट आले, रस्त्यावर रंगवलेल्या ठिपक्याएवढे. १९७२ मध्ये स्विंडनला तर पाच मिनी राउंडअबाउट एका गोलाभोवती रचले आणि मधल्या गोलात वाहतूक उलटी फिरवली. नकाशावर पाहिलं तर वेड्याचा बाजार वाटतो, पण अजून चालू आहे. आता भाच्याच्या गावाकडे बघा. मिल्टन कीन्स हे नवं शहर म्हणून जाहीर झालं जानेवारी १९६७ मध्ये, म्हणजे नियमानंतर दोन-तीन महिन्यांत. शहराची जाळीच नव्या नियमाच्या हिशेबाने आखली गेली. म्हणून तिथे ते इतके दाट दिसतात.

माझ्या म्हणण्याला सगळ्यात पक्का पुरावा मात्र ब्रिटनमध्ये नाही, फ्रान्समध्ये आहे. तिथे गाड्या रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात आणि जुना सर्वसाधारण नियम होता उजवीकडून येणाऱ्याला वाट द्या. उजव्या बाजूच्या वाहतुकीत गोलात शिरणारा हा आत फिरणाऱ्याच्या उजवीकडूनच येतो. म्हणजे नियमाप्रमाणे आतल्याने थांबायचं! बारा रस्ते जिथे मिळतात त्या पॅरिसच्या एत्वाल चौकात, विजयकमानीभोवती, आजही तसंच आहे आणि नवखा ड्रायव्हर तिथे घामाघूम होतो. १९८३-८४ मध्ये फ्रान्सने राउंडअबाउटपुरता हा नियम उलटा केला. त्याच सुमारास विकेंद्रीकरणाच्या कायद्यांनी गावांच्या हाती जास्त अधिकार आले. आज तिथे तीस हजारांहून जास्त राउंडअबाउट आहेत. जागा तीच होती, माणसं तीच होती, देश श्रीमंत आधीही होताच. बदलला तो नियम. (तिथले महापौरही मधोमध द्राक्षाच्या गाड्यापासून लढाऊ विमानापर्यंत काहीबाही मांडतात. ही हौस आपल्याच नगरसेवकांची आहे असं समजू नका.)

अमेरिकेत नव्या पद्धतीचा पहिला राउंडअबाउट थेट १९९० मध्ये, लास वेगासजवळच्या समरलिनला झाला. तोवर सिग्नलची सवय दोन पिढ्या मुरली होती. तरी इंडियानातलं कार्मेल हे गाव बघा: जिम ब्रेनर्ड हे महापौर विद्यार्थीदशेत इंग्लंडमध्ये राउंडअबाउट पाहून आले होते, त्यांच्या कारकिर्दीत तिथे दीडशेच्या वर झाले. बाजूच्या गावांत तशी दाटी नाही. यावरून कळेल की प्रदेशाप्रदेशातला फरक भूगोलाचा कमी आणि कोणी, कधी, कोणत्या नियमाने सुरुवात केली याचा जास्त आहे. जपानमध्येही राउंडअबाउटला रस्ते-कायद्यात वेगळं स्थान मिळालं ते सप्टेंबर २०१४ मध्ये. त्यामागे एक कारण २०११ च्या भूकंपाचं होतं: वीज गेली, सिग्नल बंद पडले. गोलाला वीज लागत नाही. भारनियमन सोसलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

फायदा काय, तेही सांगते, कारण तो बहुतेक लोक चुकीच्या जागी शोधतात. राउंडअबाउट वेळ वाचवतो की नाही हे परिस्थितीवर आहे. जीव मात्र वाचवतो. चार रस्त्यांच्या साध्या चौकात गाड्यांचे मार्ग एकमेकांना ३२ ठिकाणी गाठतात, एकपदरी राउंडअबाउटमध्ये ८ ठिकाणी. आणि त्या आठही ठिकाणी धडक तिरकी, कमी वेगातली असते. समोरासमोरची किंवा थेट बरगडीत घुसणारी नसते. अमेरिकेत सिग्नल किंवा स्टॉपचे फलक काढून राउंडअबाउट केलेल्या चौकांचा अभ्यास झाला, तेव्हा माणसं जखमी होणारे अपघात सुमारे तीन-चतुर्थांशाने कमी झालेले दिसले. पत्रा चेपणारे अपघात तेवढे कमी होत नाहीत.

आता डॅलसचे मजले. इंटरचेंज लागतो कारण रस्त्याला कुंपण असतं. एकदा ठरलं की या रस्त्यावर कुठूनही चढता-उतरता येणार नाही, मध्ये सिग्नल नाही, की दुसऱ्या रस्त्याशी प्रत्येक गाठ पुलानेच मारावी लागते. अमेरिकेने १९५६ च्या कायद्याने अशा महामार्गांचं देशभर जाळं विणायला घेतलं आणि ९० टक्के खर्च केंद्राने उचलला. राज्यांना दहा टक्क्यांत पूल मिळत असतील तर का नाही बांधणार? क्लोव्हरलीफ, म्हणजे चार पाकळ्यांचा इंटरचेंज, तिथलाच. पेटंट १९१६ चं, पहिला बांधला न्यू जर्सीत वुडब्रिजला १९२९ मध्ये. गंमत बघा, क्लोव्हरलीफचं दुखणं जुन्या सर्कलचंच निघालं: एका पाकळीतून वर येणारी गाडी आणि पुढच्या पाकळीत उतरणारी गाडी एकाच छोट्या पट्ट्यात एकमेकींना छेदतात. पुन्हा वीव्हिंग. ते टाळायचं तर पाकळ्या काढून प्रत्येक वळणाला स्वतंत्र उंच पूल द्यायचा, म्हणजे मजले चढवायचे. २००५ मध्ये पूर्ण झालेला तुमच्या बहिणीच्या शहरातला 'हाय फाइव्ह' हा त्याचाच पाच मजली नमुना. चीनमध्ये द्रुतगती मार्ग आले तसे हे मजलेही आले. चोंगचिंगचा हुआंगच्वेवान पाच थरांचा आणि वीस रॅम्पांचा आहे, पण तिथे डोंगरउतारांनीही अभियंत्यांना फारशी निवड ठेवली नव्हती.

आपल्याकडे मोठी गफलत होते ती उड्डाणपुलाला इंटरचेंज समजण्यात. मुंबईत नव्वदीच्या दशकात पन्नासेक उड्डाणपूल झाले. त्यातले बहुतेक फक्त सरळ जाणाऱ्याला वरून नेतात, खाली वळणाऱ्यांसाठी सिग्नल राहतोच. खरा इंटरचेंज पाहायचा तर पुणे-मुंबई द्रुतगती मार्ग किंवा समृद्धी महामार्ग पाहा. ७०१ किलोमीटरच्या समृद्धीवर चढ-उतार ठरलेल्या ठिकाणीच आहेत आणि आकार बहुतांशी तुतारीचा आहे, कारण त्यात चढणारे-उतरणारे सगळे एकाच टोलनाक्यातून नेता येतात. टोलचे रस्ते जिथे जास्त तिथे तुताऱ्या जास्त, हे जपानमध्येही दिसेल. पुण्याचा चांदणी चौक हे तिसरंच प्रकरण. जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या पहाटे पाडला, नवी रचना ऑगस्ट २०२३ मध्ये खुली झाली. गाड्यांची कोंडी फुटली, पण मुंबईच्या बसची वाट पाहत उभ्या असणाऱ्या, महामार्ग पायी ओलांडणाऱ्या माणसाचा विचार मागाहून करावा लागला. शहरात इंटरचेंज आणला की हे होतंच. कुंपणाच्या रस्त्यावर पायी माणूस नसतो असं तो आकार गृहीत धरतो.

इथपर्यंतचं थोडक्यात: आतल्याला पहिला हक्क हा नियम लवकर आला तिथे राउंडअबाउट दाट. सिग्नल आधी रुजला तिथे विरळ. कुंपणाचे रस्ते जिथे भरपूर, तिथे इंटरचेंज भरपूर. दोन्ही एकाच देशात असू शकतात. ब्रिटनमध्येच बर्मिंगहॅमचं ग्रेव्हली हिल इंटरचेंज, ज्याला सगळे स्पॅगेटी जंक्शन म्हणतात, तेही स्विंडनच्या गोलासारखं १९७२ चंच.

काळानुसार एकाच चौकाची अवस्थाही बदलते, हे मी आखातात पाहिलं. तिथे तेलाच्या पैशाने शहरं उभी राहिली तेव्हा राउंडअबाउट सर्रास झाले. गाड्या वाढल्या तसे ते तीन-तीन पदरी केले. आणि तीन पदरी गोल हा माझ्या मते कागदावरच चांगला दिसतो, कारण आतल्या पदरातल्याला बाहेर पडायला दोन पदर कापावे लागतात. मग दुबईच्या डिफेन्स राउंडअबाउटच्या जागी इंटरचेंज आला, अल ऐन आणि दोहामध्ये एकामागून एक गोल काढून सिग्नल बसवले गेले. डचांनी याला वेगळं उत्तर काढलं: १९९६ पासूनचा टर्बो राउंडअबाउट, ज्यात पदर आत शिरण्याआधीच निवडायचा आणि मग बदलायचा नाही, मध्ये उंचवटाच असतो. आपल्याकडे त्या उंचवट्यावरून दुचाकी किती वेळात उड्या मारतील, हा विचार माझ्या मनात येतोच.

आता आपण. भारतात गाड्या डावीकडून चालतात, गोलात फिरणारा येणाऱ्याच्या उजवीकडे असतो. त्यामुळे उजवीकडच्याला वाट द्या हा आपला जुना नियमही योग्यच होता, आणि २०१७ च्या वाहन चालवण्याच्या नियमांत राउंडअबाउटमध्ये आधीपासून असलेल्याचा हक्क पहिला हे स्पष्टच लिहिलं आहे. अडलं ते आराखड्यात. ल्युटेन्सची दिल्ली, चंडीगडचे चौक, मुंबईतलं किंग्ज सर्कल किंवा सात रस्ता, हे सगळे जुन्या पद्धतीचे मोठे गोल. इंडियन रोड्स काँग्रेस या, रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या आपल्या संस्थेची १९७६ ची मार्गदर्शिकाही वीव्हिंगच्याच गणितावर होती आणि तिने सगळ्या बाजू मिळून तासाला सुमारे ३००० वाहनांची मर्यादा सांगितली होती. २०१७ मध्ये ती सुधारली, पण तोवर दोन पिढ्यांच्या मनात ठसलं होतं की सर्कल चालत नाही. चंडीगडमध्येही अनेक गोलांवर सिग्नल बसले.

तर तुमचा चौक. न पाहता हो-नाही सांगणार नाही. पण पुढच्या गोष्टींवर ते ठरेल.

सगळ्यात आधी, चारही बाजूंची वाहतूक साधारण सारखी आहे का? राज्यमार्ग सरळ जातो आणि बाजूचे दोन रस्ते किरकोळ आहेत असं असेल, तर मुख्य रस्त्याच्या अखंड ओघात बाजूच्याला फटच मिळत नाही. तिथे सिग्नल बरा. उजवीकडे वळणारे जास्त असतील तर मात्र राउंडअबाउट सरस. चांगल्या एकपदरी गोलातून दिवसाला वीस-पंचवीस हजार गाड्या जाऊ शकतात. तालुक्याच्या बहुतेक चौकांना तेवढं पुरतं. दुचाकींचं प्रमाण आपल्याकडे इतकं असतं की बाहेरचे आकडे जसेच्या तसे लावू नयेत. तरी अंदाज येतो.

दुसरं, बाहेर पडण्याची तोंडं मोकळी राहतील का? आपल्याकडचे बरेच गोल इथे मरतात. वडापच्या जीपा, रिक्षा आणि एसटीचा थांबा नेमका चौकातून बाहेर पडल्या पडल्या असतो. एक बस थांबली की तिच्या मागची रांग गोलात येते आणि वर सांगितलेली दादरची गत होते. थांबे प्रत्येक तोंडापासून निदान पन्नास मीटर पुढे न्यायची तयारी नसेल तर सर्कलचा खर्च करू नये, असं मी नगरपालिकांना आधीच सांगते. सहसा बैठक तिथेच गार होते. हीच गोष्ट हवालदारांची. कोंडी झाली की ते गोलातल्या गाड्या थांबवून एका बाजूची रांग सोडतात. हेतू चांगला, पण त्या क्षणी तुमच्या चौकात १९८३ पूर्वीचा फ्रान्स सुरू होतो.

तिसरं, ऊस. कोल्हापूर-सांगली पट्ट्यात ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या जोडतात आणि वळताना मागची ट्रॉली पुढच्या चाकाच्या बरीच आतून जाते. बेट लहान केलं तर ती त्यावर चढते, रस्ता रुंद केला तर उरलेले आठ महिने मोटारसायकली तिथून सरळ सुसाट जातात. यावर उपाय आहे: बेटाच्या कडेने दोन-तीन मीटरचा, जरासा उचललेला खडबडीत दगडी पट्टा. ट्रॉलीचं चाक त्यावरून जातं, कारवाल्याला नको वाटतं. बाहेरच्या कडेपासून कडेपर्यंत तीस ते चाळीस मीटर मिळत असतील तर एवढं सगळं बसतं. पंधरा-पंचवीसच असतील तर मिनी करा, पण मग मधोमध काहीही उभं करू नका, कारण मोठी गाडी त्यावरूनच जाणार.

म्हणजे पुतळ्याचा प्रश्न आलाच. मोठ्या बेटावर पुतळ्याला माझी तांत्रिक हरकत नाही. कोल्हापूरला ताराराणींचा पुतळा चौकाच्या मधोमधच आहे. समोरचं सगळं दिसलं नाही तर चालक वेग कमी करतो, ते एका परीने चांगलंच. हरकत आहे ती बेटाच्या कडेला लागणाऱ्या फ्लेक्सना, कारण उजवीकडून येणारी गाडी दिसलीच नाही तर तिला वाट देणार कशी? आणि बेटावर बाग करून बाकडी टाकू नका. लोक तिथे जायला गोल ओलांडतात. पायी माणसाची वाट गोलापासून एका गाडीच्या लांबीएवढी मागे हवी, मध्ये थांबायला छोटं बेट हवं, म्हणजे एका वेळी एकाच दिशेकडे पाहावं लागतं. शाळा जवळ असेल तर हे आधी आखा, बाकीचं नंतर.

शेवटचं, आणि हे स्वस्त आहे: पक्कं बांधकाम करण्याआधी पाण्याने भरलेले प्लास्टिकचे अडथळे मांडून तोच गोल तात्पुरता चालवून बघायला लावा. एक आठवडाभर नव्हे. बाजारचा दिवस, शाळा सुटायची वेळ आणि गळीत हंगाम, तिन्ही त्यात यायला हवेत. त्याआधी नगरपालिकेकडे वळणनिहाय मोजणी मागा, म्हणजे कुठून किती गाड्या येतात एवढंच नाही, तर कुठून येऊन कुठे जातात. ती मोजणी झालेली नसेल तर आराखडा बहुधा दुसऱ्या गावचा उचललेला आहे. मोजणी मिळाली आणि चौकाचं वरून काढलेलं मापांसह रेखाटन असेल तर इथे टाका, मी बघून सांगते.